बारावा हुंकार

दीडचा भोंगा झाला की कारखान्यामागच्या पाळणाघरात अकरा गाद्या अंथरल्या जात. बारावी गादीही होती, पण एखादं मूल वाढलं तर असावी म्हणून ती कोपऱ्यात गुंडाळून दोरीनं बांधून ठेवलेली असे. भिंतीपलीकडून यंत्रांची घरघर यायची. मुलांना तिची इतकी सवय झाली होती की सुट्टीच्या दिवशी घरच्या शांततेनंच त्यांची झोप मोडे.

मुलांना निजवायचं काम बाईंकडे होतं. छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेऊन त्या निवृत्त झाल्या होत्या. घरात दुसरं कुणी नाही. "घरी बसून भिंतींना बाराखडी शिकवू का?" असं म्हणत त्या इथे बिनपगारी यायला लागल्या होत्या.

अंगाई गाण्याची त्यांची रीत जुनी होती. एक कडवं म्हणायचं आणि थांबायचं. जागं असलेलं मूल 'हं' म्हणतं. 'हं' आला की पुढचं कडवं.

"अंगाईला शेवट नसतो," त्या मुलांना सांगत. "हुंकार थांबला की गाणं थांबतं. आणि हुंकार येतोय तोवर गाणाऱ्यानं उठायचं नाही. दिलेला शब्द असतो तो."

मांडीवर वही असे. तिच्यात अकरा नावं आणि प्रत्येक हुंकाराला नावापुढे पेन्सिलीची एक रेघ. कोण कितव्या कडव्याला झोपलं, ते आयांना संध्याकाळी कळे. डोळे मिटूनही कोणता 'हं' कुणाचा, हे बाई ओळखत.

या साऱ्यामागे त्यांची एक जुनी ओढ होती. बाई नऊ दिवसांच्या असताना त्यांची आई गेली. नावसुद्धा पुढे महिन्याभरानं मावशीनं ठेवलं. पण नऊ दिवस आईनं मांडीवर घेतलं होतं, म्हणजे काहीतरी गायलं असणारच. काय, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. भेटेल त्या म्हातारीकडून बाई अंगाया उतरवून घेत. सत्त्याऐंशी झाल्या होत्या. कानाला ओळखीची अशी एकही निघाली नव्हती.

अठ्ठ्याऐंशीवी त्यांना एका नव्वदीच्या सुईणआजीनं दिली. आजी वृद्धाश्रमात खिडकीशी बसून असायची.

*पाणी निजलं घड्यात, वाट निजली पायांत,*
*कोण जागं राहिलं गं, माझ्या एकलीच्या घरात?*

सोमवारी बाईंनी ती मुलांपुढे म्हटली. दुसऱ्या कडव्याला चार मुलं झोपली, चौथ्यापर्यंत सात. सहाव्या कडव्यानंतर अकराही जणांच्या रेघा थांबल्या. मुलांना सांभाळणारी ताईसुद्धा भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून घोरत होती.

बाईंनी वही मिटली.

"हं," कुणीतरी म्हणालं.

त्यांनी एकेक गादी पाहिली. अकराही चेहरे गाढ झोपले होते. नळ बंद होता. दाराला कडी होती. बाई तशा हिशेबी डोक्याच्या. यंत्रांच्या घरघरीतून असा आवाज उमटू शकतो, हे त्यांनी स्वतःला समजावलं आणि खात्री करण्यासाठी सातवं कडवं म्हटलं.

"हं."

आवाज कोपऱ्यातून आला, गुंडाळलेल्या गादीकडून. तो मुलाचा नव्हता. दमलेल्या, मोठ्या माणसाचा होता.

बाई उठल्या. आजवर पहिल्यांदाच त्या हुंकार येत असताना उठल्या, आणि चार वाजेपर्यंत अंगणात उभ्या राहिल्या.

"बाई, तुमच्या गाण्यात गोळी आहे की काय हो?" जाग आल्यावर ताई ओशाळून म्हणाली. "लेकरं राहिली बाजूला, मीच आडवी!"

"ताई, कोपऱ्यातली गादी कुणाची होती?"

"कुणाची असणार? नवीकोरी आहे. दोरी कुठं सोडलीय अजून?"

मंगळवारी बाईंनी मुद्दाम दुसरी अंगाई घेतली. मुलं झोपली आणि कोपरा गप्प राहिला. बुधवारी मात्र मुलांनीच हट्ट धरला, "घड्यातलं पाणी म्हणा!" सहाव्या कडव्यानंतर पुन्हा तो 'हं' आला. सातव्यानंतर आला. आठव्यानंतरही आला. बाईंना आठच कडवी येत होती. कोपऱ्यात कुणीतरी नवव्याची वाट पाहत होतं, आणि ती वाट पाहणं भोंगा होईपर्यंत खोलीभर जाणवत राहिलं.

गुरुवारी सकाळी त्या सुईणआजीकडे गेल्या.

"आजी, पुढचं कडवं सांगा."

"आठच गायली होती मी. पुढचं गायलंच नाही."

"म्हणजे मूल झोपलं?"

"मुलाला कुठं गात होते? आईला गात होते." आजी खिडकीबाहेर पाहत राहिली. "हसू नकोस. अंगाई काय पोरांनाच लागते? ती बाळंतीण तापानं फणफणली होती, आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही. म्हणाली, मला निजव, मग मी हिला निजवीन. गात होते मी, ती हुंकार देत होती. आणि पोर रडायला लागली."

"मग?"

"मग काय? उठले. पोरीला घेऊन अंगणात फिरले. परत आले तर..." आजीनं हात झटकला. "हुंकार चालू असताना उठले बघ मी."

"कोण होती ती? किती वर्षं झाली?"

"माझ्या हाताखालून शेकडो गेल्या गं बाई. नावं कुठली आठवायची? मी तेव्हा विशीतली."

बाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी आजीच्या विशीचा हिशेब केला, आणि मग दुसऱ्यांदा केला नाही.

"नववं कडवं काय असेल, आजी?"

"जे सुचेल ते. मी तरी आठ कुठून आणली होती?"

त्या दुपारी सहाव्या कडव्याला अकरा मुलं झोपली. ताई झोपली. बाईंनी सातवं म्हटलं, आठवं म्हटलं.

"हं."

या वेळी बाई जागच्या हलल्या नाहीत.

*सुई निजली दोऱ्यात, दोरा निजला गाठीत,*
*पोर गप्प झाली गं, आता कुणी ना रडत.*

त्या थांबल्या.

यंत्रं चालली होती.

कोपऱ्यातून एक लांब श्वास सुटला. मग काहीच नाही.

बाईंनी शंभरपर्यंत आकडे मोजले. हुंकार आला नाही. त्यांनी पेन्सिल वहीत ठेवली आणि भिंतीला डोकं टेकलं. अठ्ठ्याऐंशी अंगाया जमवल्या, पण आपल्या वाट्याची यात एकही नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

कोपऱ्यात कुणीतरी हलक्या आवाजात गायला लागलं.

ती चाल बाईंनी कधीच उतरवून घेतली नव्हती. कडवं संपलं आणि आवाज थांबला. वाट पाहत राहिला.

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

तरीही त्यांच्याच घशातून 'हं' आला.

चारच्या भोंग्यानं त्यांना जाग आली तेव्हा मुलं डोळे चोळत उठत होती. भरदुपारी त्या कधीच झोपत नसत. अंगावर कुणीतरी चादर घातली होती.

"ताई, तू घातलीस?"

"मी? मी तर आत्ता उठतेय. पण बाई, शेवटी कोणतं गाणं म्हणत होता हो? झोपेतच ऐकलं मी. आवाज किती कोवळा लागला होता तुमचा!"

बाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं. दोरी सोडून, नीट घडी घालून ठेवली होती.

मग त्यांनी मांडीवरची वही उघडली. अकरा नावं होती, अकरा ओळी रेघा होत्या. त्यांच्याखाली, त्यांनी न आखलेली, बारावी ओळ होती. नावाची जागा कोरी होती. तिच्यापुढे तीन रेघा ओढलेल्या होत्या.