डाव्या मुठीचं गवत

शिरूरहून दौंडला येणाऱ्या एसटीत माझं कोपर त्याच्या बरगडीत लागलं... एकदा नाही, तीनदा.

पहिल्यांदा तो गप्प बसला. दुसऱ्यांदा खिडकीकडे सरकला. तिसऱ्यांदा सरकायला जागाच उरली नव्हती.

"बाई, एक सांगू का? रागावू नका."

मी मांडीवरच्या वहीतून मान वर केली. तिसरीच्या मुलांच्या गणिताच्या वह्या तपासत होते मी.

"तुम्ही डाव्या हातानं लिवता. तवा खिडकीपाशी तुम्ही बसा. म्हंजी तुमचं कोपर पत्र्याला लागंल, आन् माझी बरगडी वाचंल."

मी ओशाळून उठले. चालत्या गाडीत जागा बदलताना त्याच्या हातातल्या ओल्या गोणपाटाचं पाणी माझ्या पायावर ठिबकलं.

"झाली फिट्टंफाट," तो हसला.

"काय आहे त्यात?"

"हरळी. मुळांसकट."

"हरळी? ती तर कुठंही उगवते."

"कुठंबी उगवती, खरंय. पर पायजे तिथं उगवावी, म्हणून माणूस लागतो."

असं म्हणून त्यानं माझ्या हातातल्या लाल पेनाकडे पाहिलं. पेनाकडे की हाताकडे... मी वही मिटली.

"आमच्या आजीनं तुम्हाला पेरायला उभं केलं नसतं," तो म्हणाला. "डावऱ्या माणसाची मूठ उलटी पडती, म्हणायची ती. सगळ्यांचं बी एकीकडं, त्येचं दुसरीकडं."

"मी कशाला येतेय पेरायला?"

"कुणी सांगावं!"

हे शहात्तर सालच्या ऑगस्टमधलं. दौंडला उतरल्यावर मी मुद्दाम भरभर चालले. तो मागून येतच होता. रेल्वेचं फाटक ओलांडलं, ड्रायव्हर लोकांच्या बंगल्यांची रांग आली, तरी मागे पावलं होतीच. आमच्या गेटाशी मी गर्रकन वळले.

"कुठपर्यंत येणार आहात?"

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. "मच्छिंद्र ड्रायव्हर यांचा बंगला... ह्योच ना?"

आप्पांनीच, म्हणजे माझ्या वडिलांनीच, बोलावलं होतं त्याला! चांगदेव त्याचं नाव. शिरूरकडचा, शेतकी शाळा शिकलेला. दौंडच्या रोपवाटिकेत नुकताच लागला होता, अजून कायम झालेला नव्हता.

बोलावण्याचं कारण होतं आमचं लॉन. आई गेल्यापासून घरात आप्पा आणि मी, दोघंच. आणि आप्पांचा जीव त्या लॉनवर. त्याला कारणही तसंच. माझे आजोबा गोऱ्या साहेबांच्या काळात ह्याच लॉनला बादल्यांनी पाणी घालत. घालायचं फक्त. त्यावर बसायची त्यांना मुभा नव्हती. आता त्याच बंगल्यात त्यांचा मुलगा मेल गाडीचा ड्रायव्हर म्हणून राहत होता आणि रोज संध्याकाळी लॉनच्या मधोमध खुर्ची टाकून बसत होता. पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर ते रिटायर होणार होते. त्या दिवशी सगळ्या लोको शेडला ह्या लॉनवर चहा द्यायचा, एवढी एकच त्यांची हौस.

पण त्या पावसाळ्यात हरळीमध्ये दुसरंच गवत घुसलं. जमिनीला चिकटून चारी बाजूंना पसरणारं, पेराला पेराला मुळं सोडणारं. त्याच्या तुऱ्याला चार-पाच लांब बोटं फुटायची, म्हणून माझ्या वर्गातली मुलं त्याला कोंबडपाय म्हणायची.

चांगदेव दर रविवारी येऊ लागला. मी ओट्यावर वह्या घेऊन बसायचे. आप्पा खुर्चीवर, त्याच्या डोक्याशी, नजर त्याच्या खुरप्यावर.

"वरनं ओढू नका, आप्पा. तुटतं, आन् राहिलेल्या मुळातनं पुन्हा फुटतं. पाऊस पडून गेला की माती मऊ असती. तवा बुडाशी धरायचं आन् हळू... असं."

"आणि खड्डा?"

"तिथं हरळीची काडी लावायची. जागा रिकामी ठेवली की ह्यो परत येतोय. आन् लॉन लई बारीक कापू नका. हरळी जरा उंच ठेवली की खाली सावली पडती. सावलीत ह्येचं बी रुजत न्हाई."

"बी पडलं तर?" मी ओट्यावरून विचारलं.

त्यानं मान वर केली. पण आप्पा खाकरले, आणि त्याची मान खाली गेली.

"तर वरीसभर कळायचं न्हाई, बाई. पुढल्या पावसात कळंल."

हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

आमच्या शेजारी हौसराव गार्ड राहत. मध्ये मेंदीचं कुंपण, आणि त्यात कोंबड्यांनी पाडलेलं एक भोक. त्यांची मुलगी तुळजा, टेलिफोन ऑफिसात नोकरीला. गोरी, नायलॉनच्या साड्या नेसणारी, आणि हसली की स्टेशनपर्यंत ऐकू जाईल अशी.

"अहो चांगदेव," ती एका रविवारी कुंपणावरून म्हणाली, "आमच्या लॉननं काय पाप केलंय?"

आणि तो गेला तिकडे. त्या रविवारी अर्धा तास. पुढच्या रविवारी तासभर. तिसऱ्या रविवारी आमच्याकडचं काम अकराला उरकून तो तिकडे बसला, तो दुपारी दोनपर्यंत. ट्रान्झिस्टर वाजत होता. भज्यांचा वास येत होता. तुळजाचं हसू येत होतं. त्याचा मात्र आवाज येत नव्हता... आणि तेच मला जास्त झोंबत होतं. हळू बोलण्यासारखं काय होतं एवढं?

त्या दिवशी मी एका मुलाचं बरोबर गणित चूक दिलं.

"अंजे, चहा कडू झालाय," आप्पा म्हणाले.

"साखर संपली," मी म्हणाले. साखरेचा डबा माझ्या हातातच होता.

चौथ्या रविवारी त्यानं तुळजाच्या लॉनमधलं गवत उपटून कुंपणाशी ढीग केला. सगळं तुऱ्याला आलेलं. "उद्या वाळलं की जाळा, बी झडू देऊ नका," असं बजावून तो गेला. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाला, "येतो, बाई." मी वहीत डोकं घातलं.

संध्याकाळी आप्पा ड्युटीवर गेले. मी ओट्यावरून त्या ढिगाकडे बघत बसले. मनात एकच हिशेब फिरत होता. तिकडे गवत आहे, म्हणून तो तिकडे बसतो. इकडे संपलं, म्हणून इकडे बसत नाही...

मी कुंपणाच्या भोकातून हात घातला. तुरे ओरबाडले. धुळीसारखं बारीक बी मुठीत आलं, आणि आप्पांच्या खुर्चीच्या जागेपासून मी ते भिरकावलं. एक मूठ. दुसरी. तिसरी.

आणि मग मी, मुलांना बियांचा धडा शिकवणारी बाई, आठ दिवसांत गवत उगवायची वाट बघत बसले!

आठ दिवसांनी काही उगवलं नाही. चांगदेव आला, लॉनवरून फिरला आणि आप्पांना म्हणाला, "झालं. आता माझं काम न्हाई." मग गेटाशी माझ्याजवळ थांबला. गळ्यातला पंचा उगाच काढून पुन्हा घातला.

"माझी शिरूरच्या रोपवाटिकेत बदली झालीय, बाई. पुढल्या आठवड्यात जायचंय... पत्र लिवलं तर चालंल का?"

"तुळजाला लिहा," मी म्हणाले.

तो गेटाची कडी नीट लावून निघून गेला. त्यानं पत्र लिहिलं नाही. मला नाही आणि तुळजालाही नाही. ते कळलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

पुढचा पाऊस आला. जुलैच्या मध्यावर आप्पांनी सकाळीच हाक मारली, "अंजे, बाहेर ये!"

त्यांच्या खुर्चीभोवती लॉन दिसतच नव्हतं. कोंबडपाय, कोंबडपाय, नुसता कोंबडपाय. आप्पा गुडघ्यांवर बसले होते. इतका उतरलेला चेहरा मी आई गेली तेव्हाच पाहिला होता.

"बी टाकून गेला तो पोरगा," ते म्हणाले. "बोलाव त्याला. माझ्यासमोर उभा कर."

मीच पोस्टकार्ड टाकलं. वर्षभरात त्याला लिहिलेल्या माझ्या पहिल्या ओळी म्हणजे, "आप्पांनी बोलावले आहे. लॉन खराब झाले आहे."

रविवारी तो आला. उन्हानं काळवंडला होता, थोडा वाळला होता. हातात तसंच ओलं गोणपाट. माझ्याकडे न बघता लॉनवर उकिडवा बसला. गवतावरून लांबवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग हळूच वर पाहिलं... माझ्याकडे.

"तू उपटलेलं गवत इथंच झाडलंस," आप्पा म्हणाले. "खरं की नाही?"

"व्हय, आप्पा. माझीच चूक. ढीग नीट झाकला न्हाई मी."

"चूक? मी तुझ्या साहेबांना लिहिणार आहे. असला निष्काळजी माणूस कायम करू नका म्हणून."

खाली मान घालून त्यानं खुरपं घेतलं आणि कामाला लागला.

वर्गात मी मुलांना सांगत असे, की चूक कबूल करताना आधी काय केलं ते सांगावं, मग का केलं ते. सांगायला किती सोपं होतं!

"आप्पा," मी म्हणाले, "बी मी टाकलं."

खुरपं थांबलं.

"तू?"

"मी. तुळजाकडच्या ढिगातलं. तीन मुठी."

"पण का?"

हा दुसरा भाग.

"कारण... कारण हे आपल्याकडं तासभर बसायचे आणि तिच्याकडं तीन तास. मला वाटलं, इकडं गवत वाढलं तर इकडं बसतील."

तेवढ्यात मेंदीचं कुंपण हललं आणि त्यावरून तुळजाचं डोकं वर आलं.

"अगं वेडाबाई! तीन तास काय करत होता, विचार की त्याला! तीन रविवार मी भजी तळली. आणि हा त्या भोकासमोर ठाण मांडून बसायचा आणि तुमच्या ओट्याकडं बघायचा! एका वीतभर जागेतलं गवत तीन तास उपटत होता. मीच मेली जळून कोळसा झाले होते, आणि तू माझ्यावर जळतेस?"

चांगदेवचे कान लाल झाले.

"इकडनं बघता येत नव्हतं, बाई," तो खुरप्याला म्हणाला. "इकडं आप्पा असायचे."

मला हसू आलं, रडूही आलं. "मग आत्ता खोटं कशाला बोललात? चूक अंगावर का घेतली?"

"ढिगातनं झडलेलं बी एका जागी पडतं. ह्ये बघा, विळ्यासारखं पडलंय. म्हंजी कुणीतरी मुठीनं फेकलंय." त्यानं गवतावरून हात फिरवला, आणि मलाही दिसलं. आप्पांच्या खुर्चीपासून निघालेले तीन हिरवे विळे. "आन् तिन्ही उलटे. आजी सांगायची ती मूठ पहिल्यांदा बघितली मी. कुणाची ते लगीच वळखलं... का टाकलं असंल, त्येचाच इचार करत व्हतो. अन् लई बरं वाटत व्हतं. मग म्हटलं, नोकरी गेली तरी चालंल."

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांचा राग कुठेतरी अडकून बसला होता, ना बाहेर पडत होता ना आत जात होता.

"तुझ्या आजोबांनी पाणी घातलेलं लॉन आहे हे, अंजे," ते शेवटी म्हणाले.

"हो, आप्पा."

"तुऱ्याला यायला किती दिवस आहेत रे?"

"तीन आठवडं तरी हायेत, आप्पा. रोज बसलं तर त्येच्या आत निघंल. वर हरळी लावली की सप्टेंबरात चहा व्हतोय."

"रोज? शिरूरहून?"

"रजा शिल्लक हाय माझी."

आप्पांनी घरातून दुसरं खुरपं आणलं आणि माझ्यापुढे धरलं. मी नेहमीसारखा डावा हात पुढे केला.

"तुम्ही त्या टोकापासनं या," चांगदेव हळूच म्हणाला. "मी ह्या टोकापासनं येतो. तुमचा हात डावा, माझा उजवा. मधी कोपर लागायचं न्हाई."

"लागलं तर?"

"तर... लागू द्या."

मी पदर खोचून खाली बसले. माती मऊ होती. पहिलं रोप बुडाशी धरलं आणि हळू ओढलं, तसं ते मुळासकट आलं.

मागे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं. आप्पांनी लॉनच्या मधोमध असलेली खुर्ची उचलली होती. ती त्यांनी गेटाजवळ नेली, रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले.