कक्ष क्रमांक तीनमधलं दुसरं यंत्र

दुपारी दोन वाजता दार बंद झालं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९. अल्जेरियातलं तोल्गा, खजुरांच्या शीतगृहातला कक्ष क्रमांक तीन. हे खरं घडलं आहे. वेळा दारांच्या नियंत्रकातल्या नोंदीप्रमाणे दिल्या आहेत, बाकीचं वसीलाने सांगितलं. तिने ते तीन वेगवेगळ्या माणसांना सांगितलं. एकदाही तपशील बदलला नाही.

वसीला खेलिफी बिस्क्राहून यायची. शीतगृहातल्या सगळ्या यंत्रणांची देखभाल तिच्याकडे होती. त्या दिवशी ती तापमानाचे सेन्सर तपासत होती.

पावणेदोनला पहारेकरी लखदर दारात आला.

"पोरी, मी निघालो. बहिणीकडे जेवायला बोलावलंय. उशीर झाला की ती सगळ्या गल्लीसमोर माझा उद्धार करते."

"जा काका. माझं अर्ध्या तासाचं काम उरलंय."

"दोनला दारं आपोआप लागतात. आणि आतली मूठ तुटलीय, माहितेय ना?"

"दार लॅपटॉपवरून उघडीन."

"एवढं शिकलीस, पण दाराखाली एक वीट सरकवायला नको."

ती हसली. वीट सरकवली नाही.

दार लागल्यावर तिने लॅपटॉप उघडला. वायफाय नव्हतं, आणि दारांच्या नियंत्रकाला आदेश वायफायवरूनच जायचा.

काय झालं ते तिला लगेच कळलं. सकाळी तिने लिनक्स अद्ययावत केलं होतं. त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा आला. तिच्या लॅपटॉपला खोचलेल्या वायफायच्या काडीचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, आणि तो बांधायला लागणाऱ्या फायली तिने उतरवल्याच नव्हत्या. जुन्या कर्नलवर काम भागलं असतं. पण डिस्क भरली म्हणून तो तिने पुसून टाकला होता. कार्यालयात वायर जोडलेली असल्यामुळे तेव्हा काहीच जाणवलं नाही.

आता ड्रायव्हरसाठी नेट हवं होतं.

नेटसाठी ड्रायव्हर हवा होता.

पोलादी भिंतींत फोनला रेंज नव्हती, आणि नियंत्रकाच्या वायफायला फोन जोडता येत नसे. धोक्याची घंटा होती, पण ती लखदरच्या खोलीत वाजायची. शुक्रवार-शनिवार सुट्टी. माणसं रविवारी सकाळी येणार.

कक्षात दोन अंश. तिच्या अंगावर एक पातळ स्वेटर.

ती दारावर ठोसे मारत राहिली. मग खोक्यांवर बसून डिस्कचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. ड्रायव्हरची एक जुनी प्रत सापडली. कर्नलने ती घेतली नाही. काडी काढून पुन्हा लावली. दुसऱ्या भोकात लावली. पावणेचारपर्यंत तिची बोटं कळफलकावर नीट पडेनाशी झाली.

तेवढ्यात गार हवेचा पंखा थांबला.

कक्षात एकदम शांतता.

आणि मग... काडीवरचा निळा दिवा लागला.

तिने ड्रायव्हरांची यादी पाहिली. त्यात तो नव्हता. ड्रायव्हर नसेल तर दिवा लागत नाही, हे ती झोपेतही सांगेल.

तिने लॅपटॉपला आसपासची नेटवर्कं शोधायला सांगितली.

एकच सापडलं. नावाच्या जागी... काहीच नव्हतं.

पुढे सिग्नलची ताकद. उणे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे लांब, खूप लांब.

तिने पुन्हा शोधलं. उणे सत्तर.

पुन्हा. उणे बावन्न.

ती जागची हललीही नव्हती.

उणे तीस म्हणजे हातभर अंतर. हा आकडा ती रोज बघते. कक्षात छतापर्यंत खजुरांची खोकी आणि मधे माणूस जाईल एवढी वाट. त्या वाटेच्या टोकाला... एक खोकं करकरलं. मग त्याच्या अलीकडचं.

उणे एकतीस.

तिने काडी उपसून खिशात घातली. पाठ दाराला टेकवली. पडद्यावरची यादी रिकामी व्हायला हवी होती.

झाली नाही.

उणे एकोणीस.

मानेपाशी काहीतरी होतं, असं ती म्हणत नाही. ती एवढंच म्हणते, की त्या बाजूची थंडी वेगळी होती.

तीन बावन्नला कुलूप खटकन सुटलं. ती बाहेर रस्त्यापर्यंत पळाली. लॅपटॉप आतच राहिला.

रविवारी व्यवस्थापक मिलूद यांनी नियंत्रकातली नोंद काढली.

"ताई, दार उघडण्याचा आदेश कक्ष तीनमधूनच आलाय. तुम्हीच दिलात ना?"

"माझ्याकडे नेट नव्हतं."

"मग बरोबर कोण होतं? दुसरं यंत्र जोडलेलं दिसतंय."

"कधीपासून?"

मिलूद यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "नियंत्रक बसवला त्या दिवसापासून. चार वर्षं झाली. एकदाही तुटलेलं नाही."

सगळी खोकी बाहेर काढून कक्ष तपासला. त्यात दुसरं कुठलंही यंत्र नव्हतं. वसीलाने ते काम सोडलं.

जानेवारीत शीतगृहाने नवा नियंत्रक बसवला. परवलीचा शब्द नवा, आणि तो फक्त मिलूद यांना ठाऊक. चालू केल्यावर चार मिनिटांनी कक्ष तीनमधून एक यंत्र त्याला जोडलं गेलं.

ते अजून जोडलेलं आहे. त्या दिवसापासून कक्ष तीनचं दार आतून आलेल्या आदेशाने सहा वेळा उघडलं आहे.