घामाचं सलाईन

तालुका क्रीडांगणावर पहाटे भेटणारी माणसं हल्ली एकमेकांना ‘किती फेऱ्या झाल्या?’ असं विचारत नाहीत. ‘कुणासाठी?’ असं विचारतात. टपाल खात्यातले कांबळे आईसाठी पळतात, बाजारपेठेतल्या दोघी बहिणी वडिलांसाठी आळीपाळीने दोरीच्या उड्या मारतात. सगळ्यांच्या मांडीला बोटभर रुंदीची निळी पट्टी बांधलेली असते आणि दर फेरीला माणसं वाकून तिच्यावरचा आकडा बघतात. रक्ताचंच नातं लागतं, त्यामुळे सुना आणि जावई तेवढे सुटले, असं बाकावर बसून चहा पिणारी मंडळी म्हणतात.

सन्मती मगदूमला कुणी विचारलं की तो ‘बहिणीसाठी’ म्हणायचा. मग विचारणारा हमखास थांबायचा, त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि असा भाऊ मिळायला नशीब लागतं वगैरे बोलायचा. सन्मतीला ते कौतुक टोचायचं. तो मान खाली घालून पुढची फेरी सुरू करायचा.

सन्मती एकोणपन्नास वर्षांचा होता. मिरजेत त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि दुकानातल्या खुर्चीला त्याच्या अंगाचा आकार आला होता. व्यायामाचा संकल्प त्याने तीनदा केला होता. तिसऱ्या संकल्पाच्या वेळी घेतलेल्या सायकलवर आता टॉवेल वाळत असत. त्याच्यासारख्या माणसाने पहाटे उठून पळावं हे त्याच्या बायकोला, पद्मजाला, डॉक्टर फरीदा मुजावर यांनी समोर बसवून सांगितलं तेव्हाही खरं वाटलं नव्हतं.

“स्नायू राबले की ते रक्तात निरोप सोडतात,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. “यकृताला, हृदयाला, मेंदूलाही. त्या निरोपाच्या द्रव्यांना आम्ही श्रमद्रव्यं म्हणतो. तुमच्या अक्कांना विस्मृतीचा आजार आहे, त्यांना स्वतःला नेमाने पळणं आता जमणार नाही. पण तुम्ही पळालात तर तुमच्या रक्तातला पिवळा पाण्यासारखा भाग काढून तो त्यांना देता येतो. मेंदूच्या ज्या पेशी नुसत्या पेंगल्यात, त्या काही दिवस जाग्या होतात.”

“पण यांनी तर जन्मात व्यायाम केला नाही,” पद्मजा म्हणाली.

“तेच हवंय. रोज पळणाऱ्याचं शरीर सरावलेलं असतं. चाळिशी-पन्नाशीत नव्याने सुरुवात करणाऱ्याचे स्नायू खडबडून उठतात आणि भरपूर द्रव्य सोडतात. वर्षभर तरी.”

“म्हणजे आजवरचा आळस कामी आला म्हणायचा.”

डॉक्टर हसल्या. गावात या उपचाराला सगळे घामाचं सलाईन म्हणत. शनिवारी दात्याचं रक्तद्रव काढायचं, रविवारी रुग्णाला चढवायचं. सोमवारपासून बुधवारपर्यंत माणूस बऱ्यापैकी शुद्धीत राहतो, मग पुन्हा धुकं. पट्टीवर दिसणारी श्रमद्रव्यांची आठवड्याची मात्रा पन्नासच्या खाली असली तर चढवून फारसा उपयोग नसतो.

त्रिशलाअक्का सन्मतीहून दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. वडील साखर कारखान्यात पाळीवर जायचे, त्यामुळे सन्मतीला वाढवलं ते अक्कानेच. शाळांचे गणवेश शिवून तिने त्याला शिकवलं आणि तिचं लग्नाचं वय त्याच्या परीक्षांमध्ये निघून गेलं. त्याआधी मात्र ती खो-खो खेळायची. जिल्ह्यात तिच्याएवढा लांब सूर मारणारी मुलगी नव्हती, असं तेव्हाचे लोक सांगत.

आता ती रोज दुपारी चार वाजता फाटकापाशी जाऊन उभी राहायची. तिच्या मनात ती एकोणीस वर्षांची होती. केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर उत्सुकता. समोरचा टक्कल पडलेला माणूस आपला भाऊ आहे हे तिला ओळखू येत नसे.

“अहो काका, पोस्टमन येऊन गेला का हो?”

“नाही, अजून नाही.”

“पुण्याच्या शिबिराचं पत्र यायचंय माझं. राज्याच्या संघासाठी. मी घरात नसले तर आमच्या सन्मतीजवळ द्यायला सांगा. तो नीट आणून देतो.”

पद्मजाला वाटायचं, म्हाताऱ्या मेंदूने कुठला तरी धागा धरलाय, काहीतरी बोलतात बिचाऱ्या. पत्र खरोखर आलं होतं हे जगात एकट्या सन्मतीला माहीत होतं. तो नऊ वर्षांचा असताना पोस्टमनने ते दारात त्याच्याच हातात दिलं होतं. त्याने ते परसात नेऊन, अक्षर अक्षर लावून वाचलं. मग धगधगत्या बंबात घातलं आणि त्या पाण्याने आंघोळ केली. अक्का गेली तर घरात आपण एकटे राहू, एवढंच तेव्हा त्याला समजलं होतं. पुढे दोन महिने अक्का रोज चार वाजता दारात उभी राहत होती, आणि तो तिच्या शेजारी उभा राहून तिच्याबरोबर वाट बघत होता.

पहिल्या आठवड्यात सन्मती दोन फेऱ्यांत ओकला. दुसऱ्या आठवड्यात त्याला जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं. पण दीड महिन्यात तो चार फेऱ्या सलग पळू लागला, पट्टीवर चोपन्न आकडा दिसला आणि त्या रविवारी अक्काला पहिली बाटली चढली.

सोमवारी चार वाजता ती फाटकाशी गेली नाही. पायरीवर बसून ती बुटाची नाडी बांधणाऱ्या सन्मतीकडे बघत राहिली.

“सन्मती, बारीक झालास की रे तू.”

त्याला रडू फुटलं. पद्मजा स्वयंपाकघरातून धावत आली आणि तीही रडली. अक्का दोघांवर ओरडली, मग म्हणाली, “आणि हे कसलं धप धप पळतोस? सकाळी मैदानावरून येताना मी खिडकीतून बघितलं. टाच टेकवू नकोस. चवड्यावर पळ, जमीन तापलीय असं समजून.”

पुढचे दोन महिने घर उजळल्यासारखं झालं होतं. सोमवार ते बुधवार अक्का त्याला शिकवायची. वळताना खांदा कसा टाकायचा, दम कुठे राखायचा. अंगणात बैठका मारताना ती मोजायची आणि तो दमून एखादी गाळायला बघे, तर परत मागच्या आकड्यापासून मोजायला लागायची. सन्मतीला आयुष्यात पहिल्यांदा कडकडून भूक लागू लागली. आपण हिच्या हातून पुन्हा वाढतोय, असं त्याला वाटायचं, आणि लगेच त्याला बंबातलं पत्र आठवायचं.

मग एका मंगळवारी, शेंगा सोलता सोलता, अक्का शांतपणे म्हणाली, “ते पत्र आलंच नाही बघ. माझी निवडच झाली नव्हती. चाचणीत शेवटच्या सुराला माझा पाय अडखळला. सरांनी बघितलं असणार. मी उगाच दोन महिने दारात उभी राहिले.”

सन्मतीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“डावा पाय,” ती म्हणाली. “अजून राग येतो मला या पायाचा.”

तेव्हा बोलायचं होतं. तो बोलला नाही. उलट त्या गुरुवारी त्याने गजर बंद केला आणि पद्मजाला गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यातही गुडघा दुखला. पट्टीवरचा आकडा सेहेचाळीस झाला, मग एकतीस. सोमवार आला तरी अक्का फाटकाशी उभी होती, केस विंचरून, हसऱ्या चेहऱ्याने. “अहो काका, पोस्टमन आला का हो?” सन्मतीला सुटल्यासारखं वाटलं. वाट बघताना ती सुखी असते, शुद्धीत आली की पायाला दोष देत बसते, मग हेच बरं नाही का, असं त्याने स्वतःला समजावलं. ते त्याला जवळजवळ पटलंही.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर मुजावरांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांनी त्याचा गुडघा दाबून, वाकवून पाहिला.

“गुडघा ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या. “कंटाळा आला असेल तर तसं सांगा. पुष्कळांना येतो. लोक काय म्हणतील म्हणून ओढत राहण्यापेक्षा बंद केलेलं बरं.”

“बंद केलं तर?”

“तर जे आत अडकलंय ते आतच राहील. तुमच्या अक्कांपर्यंत निरोप पोचणार नाहीत, एवढंच.”

डॉक्टरांच्या मनात काही नव्हतं, त्या नेहमीचंच बोलत होत्या. पण सन्मती दवाखान्याच्या बाहेर येऊन स्कूटर सुरू करायचं विसरून उभा राहिला. नऊ वर्षांचा असताना त्याने एकदा पत्र जाळलं होतं. आता तो रोज पहाटे गजर बंद करून तेच जाळत होता, आणि आता त्याचं वय नऊ नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून किळस आली.

त्याने तीन आठवडे जीव तोडून व्यायाम केला. आठ फेऱ्या, शंभर बैठका, चवड्यावर. आकडा एकाहत्तर झाला. त्या सोमवारी तो दुकानातून लवकर घरी आला तेव्हा अक्का शिलाई मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होती. चार वाजायला आले होते.

“अक्का, पत्र आलं होतं.”

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. त्याने सगळं सांगितलं. पोस्टमन, परस, बंब, आंघोळ. एका दमात सांगितलं, कारण थांबला असता तर पुढचं निघालं नसतं.

“काय लिहिलं होतं?” तिने विचारलं.

ते त्याला पाठ होतं. “कुमारी त्रिशला मगदूम यांची शिबिरासाठी निवड झाली आहे. अकरा मे, सकाळी आठपर्यंत हजर राहावे. सोबत अंथरूण, ताट, वाटी, तांब्या आणावा.”

“तांब्या,” ती म्हणाली आणि हसली. “म्हणजे पाय अडखळला तरी घेतलं होतं मला.” तिने निऱ्या सारून आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. तिचा चेहरा असा फुलला होता की सन्मतीला क्षणभर वाटलं, एवढंच होतं तर.

मग तिने वर पाहिलं. “नऊ वर्षांचा होतास. आई गेलेली. ते मी समजू शकते. पण वीस वर्षांचा झालास, तीस, चाळीस. तेव्हा काय तोंडात गुळणी धरली होतीस?”

“आणि मधे माझा गुडघाही दुखत नव्हता,” तो म्हणाला. “तू परत विसरावंस म्हणून मी पळत नव्हतो.”

“तेही तूच?”

“हो.”

“ऊठ इथून,” अक्का म्हणाली.

मंगळवारी त्याने ठेवलेला चहा तिने घेतला नाही. पद्मजाने दुसरा करून दिला तो घेतला. पद्मजाने काय झालं विचारलं तेव्हा सन्मतीने तिलाही सांगितलं. ती वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर निघून गेली. बुधवारी सकाळी तो मैदानावरून आला तेव्हा अक्का पायरीवर बसली होती.

“आज मी हरवणार ना?”

“संध्याकाळपर्यंत.”

“तू सांगितलंस तेही जाईल?”

“जाईल.”

“बरं वाटतंय ना तुला?”

त्याला नाही म्हणायचं होतं. पण खोटं आता पुरे झालं होतं. “थोडं वाटतंय.”

अक्काने मान हलवली. “मग पुढच्या सोमवारी परत सांग. त्याच्या पुढच्याही. माझी निवड झाली होती हे मला कळायला पाहिजे. दर वेळी पहिल्यांदा कळेल, दर वेळी आनंद होईल. आणि दर वेळी तुझा रागही येईल. दोन्ही माझंच आहे. तू चाळीस वर्षं ठेवून घेतलंस, आता देत जा.”

“मला माफ…”

“ते मला विचारू नकोस. मी काही केलं तरी माझ्या लक्षात राहणार नाही.” ती उठली. “आणि वळताना खांदा टाक. अजून आडवाच पळतोस.”

गुरुवारी सन्मती दुपारी मुद्दाम घरी आला. डॉक्टर म्हणाल्या होत्या की वर्ष संपत येईल तसं शरीर सरावेल, द्रव्य कमी सुटेल, मग तेवढ्याच आकड्यासाठी दुप्पट राबावं लागेल, आणि पन्नाशीच्या माणसाला किती जमेल ते सांगता येत नाही. त्याने मनात सोमवार मोजून पाहिले. फार नव्हते.

चार वाजले. अक्का केस विंचरून फाटकाशी आली.

“अहो काका, पोस्टमन येऊन गेला का हो?”

“नाही,” सन्मती म्हणाला. “सोमवारी येणार आहे. तुमचं पत्र आहे त्याच्याकडे.”

“खरंच?” तिने दोन्ही हातांनी फाटक धरलं. मग नेहमीसारखं म्हणाली, “मी घरात नसले तर आमच्या सन्मतीजवळ द्यायला सांगा.”

ती घराकडे वळली आणि दोन पावलांवर थांबली. डाव्या पायाकडे तिने एकदा पाहिलं. मग मागे वळून, आजवर जे कधी विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

“आणून देईल ना हो तो?”