मंचाखालची ओळ

मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांच्या एका कॉलेजच्या टॉलिव्हर हॉलवर उद्या वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याची पितळी स्मृतिपाटी लागणार होती. भजनाची ओळ चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन वेंडेलने घालायची, असं ठरलं होतं. म्हणून दुपारी त्याची बायको ओरली त्याला माइक तपासायला घेऊन आली.

रिकाम्या हॉलमध्ये मेणाचा नि जुन्या लाकडाचा वास होता. मंचाच्या पोटात एक बुटकं दार होतं. ओरली तिकडे बघायचं टाळत होती.

कित्येक वर्षांपूर्वी, गोऱ्यांच्या खानावळीत जाऊन बसला म्हणून पोलीस मागावर होते, तेव्हा तिचा धाकटा भाऊ लूशस त्या दारामागे लपला होता. तो सापडलाच नसता. पण अंधारात कुणीतरी भजनाची ओळ घातली. एकाने ओळ गाऊन घातली की बाकीच्यांनी मागोमाग गाऊन ती उचलायची, ही यांच्या चर्चची रीत. झोपेतला माणूससुद्धा उचलतो. लूशसने उचलली. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. एखाद्या पोलिसाने नक्कल केली असेल, असं सगळे धरून चालले. ओरलीही.

"म्हण की," ती म्हणाली. "चर्चमध्ये तर तुला गप्प बसवावं लागतं."

"घसा बसलाय."

"सकाळी माझ्या मक्याच्या पावाला नावं ठेवताना बरा होता."

वेंडेल हसला नाही. डोळे मिटून त्याने ओळ घातली. "देवा, मी इथेच आहे..."

मंचाखालून कुणीतरी ती उचलली. कोवळा आवाज, शेवटच्या शब्दावर फाटणारा. या फाटण्यावरून ओरलीने भावाला किती चिडवलं होतं.

वेंडेल भेदरला होता, पण त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिला तेवढं पुरलं.

"तेव्हा ओळ घालणारा तू होतास."

"पोलीस माझ्या बापाची नोकरी घालवणार होते... दोन फटके देऊन सोडतो म्हणाले, ओरली..."

"आपल्या लग्नात त्याच्यासाठी खुर्ची रिकामी ठेवली होती. तू ठेवली होतीस."

केसाने गळा कापणारा माणूस, आणि ती जन्मभर त्याच्याच कुशीत भावासाठी रडली होती.

बुटकं दार आतून उघडलं. आता ओळ तिथून आली, नि उचलणाऱ्याची वाट बघत थांबली.

"नको..." वेंडेल पुटपुटला, आणि पुढच्याच श्वासाला त्याने ओळ उचलली. गातगातच तो उठला, वाकला, आत गेला. ओरलीला त्याला हाक मारता आली असती. तिने मारली नाही.

लोकांनी बॅटऱ्या घेऊन आत शोधलं. धूळ होती, तिच्यावर एकही ठसा नव्हता.

पाटी लागली ती पुढच्या वर्षी. पाद्रीबाबांनी ओळ घातली, हॉलने उचलली, भजन संपलं. सगळे खाली बसले. तेव्हा मंचाखालून एका म्हाताऱ्या आवाजाने ओळ घातली. "देवा, मी इथेच आहे..."

ओरलीने रुमाल दातांत घट्ट धरला. तिच्या भोवतीचा अख्खा हॉल ती ओळ उचलायला श्वास घेत होता.