कॅमेऱ्याशेजारचा आवाज

पहिल्याच भेटीत मी त्याच्या नाकाला मोजपट्टी लावली.

"सूट शिवताय का?" त्यानं विचारलं.

"नाक हलवू नका," मी म्हणाले.

तो रॉक बँडचा ड्रमवाला आणि मी फोकस सांभाळणारी. कॅमेऱ्यापासून माणूस किती लांब आहे ते मोजायचं, तो पुढेमागे झाला की भिंगाची कडी फिरवून त्याला स्पष्ट ठेवायचं, हे माझं काम. आता ड्रम वाजवणारा माणूस एका जागी थोडाच राहतो? म्हणून गाणंभर माझी नजर त्याच्यावरच. नोकरीच तशी, माझा काय दोष?

तीन वर्षांत त्यांच्या सात गाण्यांचे व्हिडिओ केले. एरवी मी त्याच्याशी मोजकंच बोलायचे, पण कॅमेरा चालू झाला की... गाण्याच्या शूटिंगचं असं असतं, आधीच रेकॉर्ड केलेलं गाणं कानठळ्या बसतील एवढ्या मोठ्यानं लावतात आणि बँड त्यावर नुसतं वाजवल्याचं नाटक करतो. तिथला आवाज कोणी वापरत नाही. त्या गोंगाटात मी मनातलं सगळं बोलून टाकायचे. फार मोकळं वाटायचं.

सातव्या गाण्यात तो पाइपनं पाडलेल्या पावसात भिजत वाजवत होता. बँड दीड वर्षासाठी परदेश दौऱ्यावर निघालाय, हे मला त्याच सकाळी कळलं होतं. त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले.

पंधरा दिवसांनी बँडनं मला एडिटरच्या खोलीत बोलावलं. निघण्याआधी चाहत्यांसाठी पडद्यामागच्या आठवणींची छोटी फिल्म करायची होती. दाराबाहेर चपला काढून आत गेले. बँडची गायिका, म्हणजे ड्रमवाल्याची थोरली बहीण, जिला सगळेच ताई म्हणतात, ती होती. गिटारवाला होता. आणि तो.

एडिटर भलताच खुशीत होता. "चित्राशी गाणं जुळवायला कॅमेऱ्यावर छोटा माइक असतो ना? त्यातलं गाणं मी पुसून टाकलंय. मागे काय काय सापडलंय, ऐका तरी."

माइक असतो हे मला माहीत नव्हतं का? होतं की. माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर असायचा तो. पण त्यातलं गाणं पुसता येतं, हे कोणाच्या बापाला ठाऊक?

पडद्यावर तो भिजत होता, आणि एक बाई लाडानं बोलत होती. "इकडे बघ ना जरा... हां. किती रे गोड दिसतोस... कोणीतरी टॉवेल द्या त्याला, सर्दी होईल."

कोण ही निर्लज्ज, असं क्षणभर मलाही वाटलं. मग आवाज ओळखला. माझाच.

"जाऊ नकोस ना, मेल्या. मी कोणाकडे बघू मग?"

एडिटरचं बोट बटणावरच राहिलं. गिटारवाला छताकडे बघू लागला. "अगं बाई," ताई हळूच म्हणाली, "आणि आम्ही हिला खडूस समजत होतो."

त्याच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. मी उठले आणि सुसाट जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर अनवाणी पायांना गार फरशी लागली.

मागोमाग पावलं आली.

"तुमच्या चपला," तो म्हणाला.

"ते... ते मी फोकससाठी बोलते. सवय आहे."

"'सर्दी होईल' हे फोकससाठी?"

"हो."

"आणि 'जाऊ नकोस'?"

मी घाईघाईनं चपला पायांत घालू लागले. तो खालच्या पायरीवर बसला.

"मला वाटायचं, तुम्हाला माझा राग येतो," तो म्हणाला. "नाक हलवू नका, मान हलवू नका... तरी पुढच्या प्रत्येक व्हिडिओला तुम्हीच हव्यात म्हणून हटून बसायचो."

"काय?" मी मटकन खाली बसले.

"सहाही वेळा. ताईला विचारा."

तीन वर्षं मला तो आवडत होता, आणि तीन वर्षं आम्ही दोघं एकमेकांना घाबरत होतो. आता हाती आठ दिवस उरले होते. रडावं की त्याला बदडून काढावं, कळेना.

"दौरा रद्द नाही करता येणार," तो म्हणाला. "ताईनं दहा वर्षं वाट पाहिलीय या दिवसाची."

"माहीत आहे."

"मग... एकदा तोंडावर बोला. इथं गाणं लागलेलं नाही."

"जा तू," मी म्हणाले. "पण परत माझ्याकडे ये. मला तू हवा आहेस."

न राहवून मी त्याचे हात धरले, आणि मग सोडवेनात.

वरून ताईनं कठड्यावरून वाकून पाहिलं. आमचे हात तिला दिसले असणार, पण तिनं तसं दाखवलं नाही. "काय रे, एडिटर विचारतोय. ते फिल्ममध्ये ठेवायचं की काढायचं?"

"काढायला सांग," तो म्हणाला. "आणि काढलेलं मला दे. मला ते दीड वर्ष पुरवायचंय."