राहिलेली उत्तरपूजा

आसावरीच्या हातचं काम बघावं! पोळ्या तिच्या वाकड्यातिकड्या होत, आणि त्यावरून सासर-माहेर दोन्हीकडची माणसं मनसोक्त बोलून घेत. पण गाडीचं बॉनेट उघडलं की ही तीच बाई का, असं वाटावं. नागपूरला मेकॅनिकल केलेलं. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला औषधांच्या कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसायची, आणि शनिवारी बाह्या वर करून आपल्या निळ्या सुबारू गाडीखाली शिरायची. नवरा निहार पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्याला बॉनेट कुठून उघडतं हेही धड ठाऊक नव्हतं आणि त्याची लाजही नव्हती.

त्या ऑक्टोबरात गाडी बरेच महिने झाकून ठेवायची वेळ आली. परत यायला लागणाऱ्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी भारतात जायचं होतं आणि अपॉइंटमेंट अशी लांबची मिळाली की मार्चपर्यंत मुक्काम नागपूरलाच. बरं, स्टॅम्प मिळेलच याची तरी काय खात्री? नवरा-बायको त्याबद्दल बोलत नसत. सहा वर्षांची केया मात्र रोज विचारायची, "मम्मा, आर वी कमिंग बॅक? प्रॉमिस?"

"प्रॉमिस. आपण येऊ ना, तेव्हा सगळं जसंच्या तसं असेल. बघ, गाडीसुद्धा कशी ठेवते मी."

हे वचन पोरीला दिलं की स्वतःला, कोण जाणे. पण तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच: गाडी नीट राहिली, तर आपण नक्की परत येणार. एवढी शिकलेली बाई, पण मनाला कोण शिकवणार!

खंडेनवमीला तिनं गॅरेजात पूजा मांडली. गाडीला झेंडूची माळ, आणि खाली पाटावर हत्यारांची पेटी. ही पेटी तिनं उन्हाळ्यात शेजारच्या कॅरी गावातल्या एका घरून घेतली होती. वॉल्टर नावाचा म्हातारा वारला होता आणि त्याची मुलगी सगळं सामान अंगणात मांडून विकत होती. लाल पत्र्याची, खणाखणांची पेटी. प्रत्येक पान्याला तेलाचा हात, प्रत्येक पान्याची जागा ठरलेली. आसावरी बघतच राहिली. "डॅडला अर्धवट काम खपायचं नाही," मुलगी म्हणाली, आणि पेटी देऊन झाल्यावर तिनं आपले हात पँटला पुसले.

त्या पान्यांना जन्मात कोणी हात जोडले नसतील. आसावरीनं जोडले. प्रत्येकाला हळदीकुंकू लावलं, अक्षता वाहून आवाहन केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "या, आणि आमचं सगळं नीट सांभाळा." पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करायची, बोलावलेल्याला निरोप द्यायचा, पेटी जागची जरा हलवायची, मग काम सुरू. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात काहीतरी कोसळलं आणि रात्रीपर्यंत मीटिंगा. उत्तरपूजा राहिली.

त्यानंतरच्या सकाळी ती गॅरेजात गेली तर चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावलेले. हँडब्रेक काढलेला, जाम होऊ नये म्हणून. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, चारही चाकांत अगदी सारखी. उभ्या गाडीचं टायर एका जागी चपटं होतं, म्हणून जाणकार असं करतात.

"निहार, तू केलंस हे?"

"मी? यार आसू, मला हवा भरायला पंप कुठाय ते तरी माहितीय का?"

ती हसली. आदल्या दिवशीच्या धांदलीत आपणच करून विसरलो असू, असं तिनं ठरवून टाकलं.

पुढच्या सकाळी ऑइल बदललेलं होतं. जुनं ऑइल डब्यात, डब्याला झाकण, जमिनीवर एक थेंब नाही. सायलेन्सरच्या नळीत तांब्याच्या जाळीचा बोळा, उंदीर शिरू नयेत म्हणून. थंडी आली की इथले उंदीर गाडीत घर करतात. इंजिनात हवा जाते त्या तोंडाशीही तसाच बोळा, कडा आत दुमडलेल्या, वायरला टोचू नयेत अशा. दारांच्या रबरांना ग्रीसचा पातळ हात. आसावरीनं बोट फिरवून पाहिलं. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. तिला स्वतःला इतकं नीट जमलं नसतं.

गॅरेजात ताज्या तेलाचा आणि हळदीचा वास होता. तिनं पेटी उघडली. पाने आपापल्या जागी. कुंकू लावलेलं तसंच, फक्त एका पान्याच्या मुठीवरचं पुसलेलं. तिनं तो उचलला. पाना कोमट होता.

तिनं दारावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. एक हरीण, एक पार्सलवाला. गॅरेजचं दार उघडलंच नव्हतं.

घाबरली का? घाबरली तर. पण खोटं कशाला सांगा, त्याहून जास्त तिला कौतुक वाटलं. असं काम बघायला मिळतं कुठे हल्ली! रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती गॅरेजात जायची. वायपरच्या पट्ट्या काचेला चिकटू नयेत म्हणून मऊ फडक्यात गुंडाळलेल्या. रंगावर मेण, असं घोटलेलं की त्यात आपल्या केसातली पिन दिसावी. तिचे हात आपोआप जोडले जायचे.

आईचा नागपूरहून व्हिडिओ कॉल आला.

"काय करून राहिली?"

"गाडीचं आवरतेय, आई. होत आलं."

"खंडेनवमीची उत्तरपूजा केली ना गं?"

आसावरीनं पेटीकडे पाहिलं.

"राहिली? अगं बाई! बोलावलं त्याला निरोप नको द्यायला? आज करून टाक."

"करते."

केली नाही. बॅगा भरायच्या होत्या हे खरं. पण त्याहून खरं हे की काम अजून संपलं नव्हतं. बॅटरी राहिली होती, कव्हर घालायचं राहिलं होतं. संपू दे की, तिला वाटलं. इतक्या चांगल्या कारागिराला मध्येच कसं उठवायचं?

निघायच्या दिवशी सकाळी निहार घराची किल्ली द्यायला मित्राकडे, सुमंतकडे गेला होता. केया वर झोपलेली. आसावरी गॅरेजात आली.

गाडीवर कव्हर होतं, कुठे सुरकुती नाही. तिनं कौतुकानं एक कोपरा उचलला.

चाकं जमिनीवर नव्हती. गाडी चार लोखंडी स्टँडवर उचलून ठेवली होती. बॅटरी काढून फळीवर, कापडात बांधलेली. टाकीतलं सगळं पेट्रोल उपसून कडेला डब्यांत भरलेलं. तिनं कव्हर मागे सारून बॉनेट उघडलं. सिलिंडरमध्ये तेल सोडून प्लग परत बसवले होते, आतलं लोखंड गंजू नये म्हणून.

ती मेकॅनिकलची होती. तिला लगेच कळलं. हे पाच महिन्यांचं काम नव्हतं. मालक कधी येईल, येईल की नाही, हे माहीत नसतं, त्या गाडीला असं ठेवतात.

"नाही हो," ती म्हणाली. "आम्ही परत येणार आहोत. मार्चमध्ये."



तिनं धावत जाऊन तांदूळ आणले. पेटीवर अक्षता टाकल्या. "झालं. खूप छान झालं. आता जा," ती म्हणाली. आता पेटी जराशी हलवायची, की निरोप झाला.

पेटी हलली नाही.

तिनं दोन्ही हात लावले, पाय रोवला. उन्हाळ्यात एकटीनं गाडीतून उतरवलेली पेटी. जागची हलेना.

ती घरात आली. फ्रिज बंद होता, पुसलेला. कुबट वास येऊ नये म्हणून दारात घडी केलेला टॉवेल अडकवलेला. बेसिनच्या भोकांवर चकत्या बसवलेल्या. हे तिनं केलं नव्हतं. निहारनं तर नाहीच.

जिन्यापाशी केयाचे बूट होते. आकार बिघडू नये म्हणून आत कागद भरलेले.

"केया!"



ती जिना चढली.

केया पाठीवर सरळ झोपली होती, चादर चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली. आसावरीनं गालाला हात लावला. ऊबदार होता. देवा रे! तिचा जीव भांड्यात पडला. तिनं पुन्हा हाक मारली, अगदी कानाशी, तरी पोरगी हलेना.

कानात कापूस होता. दोन्ही कानांत, हलक्या हातानं वळून बसवलेला, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. आसावरीनं तो ओढून काढला. केयानं डोळे उघडले आणि नाक चोळलं.

कापसाचे आणखी दोन बोळे उशीवर पडलेले होते, ओलसर, नाकपुड्यांच्या मापाचे. झोपेत शिंक आली असावी.