वाटाण्याएवढी चकती

कड्यावरच्या पांढऱ्या रानतेरड्यात झाडाझाडांत अजून भरपूर जनुकीय फरक आहे. म्हणजे एखाद्या रोगात सगळी जात एकदम संपणार नाही. माझा हा अभ्यास पुरा झाला तो फुलीबाईंमुळे. काठी गावाच्या वरच्या पाड्यावर मी त्यांच्याच घरी उतरले होते.

नव्या पाल्याची पूजा होईपर्यंत पाड्यावर कुणी पान खुडत नाही. फुलीबाईंच्या नवऱ्याने, रायसिंगदादांनी, मला आधीच बजावलं होतं. पण पूजेचा दिवस ठरेना आणि माझी परतायची वेळ जवळ आली. मी भोक पाडायच्या पंचने तेरड्याच्या पानांच्या कडेची वाटाण्याएवढी चकती तेवढी काढून घेतली. पान झाडावरच राहत होतं. याला खुडणं म्हणत नाहीत, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोधडीच्या कडेला गोल भोक होतं. एकही धागा उसवलेला नव्हता.

"आमचे उंदीर माप घेऊन कुरतडायला लागले," रायसिंगदादा म्हणाले. फुलीबाई हसल्या नाहीत.

मग ओढणीला भोक पडलं. मग अंगातल्या कुडत्याच्या बाहीला. पंच लावून पाहिला, तंतोतंत बसला. तो तर कुलूपबंद पेटीत होता.

पुढचं भोक गळ्याच्या पट्टीला, मानेला लागून.

कापडानंतर काय, हे मला कळत होतं.

"पानं तोडली का पोरी?" फुलीबाईंनी विचारलं.

"तोडली नाहीत. थोडीशीच..."

"कड्यावरचे ते पण थोडंच घेतात."

"चकत्या परत ठेवून येते."

"वाळलेलं कोण घेईल?"

ओंजळभर ज्वारी घेऊन त्या एकट्याच कड्याकडे गेल्या. बऱ्याच वेळाने भिजून परतल्या.

"काय सांगितलंत?"

"पोरगी माझ्या घरची आहे म्हटलं."

सकाळी उठल्याउठल्या मी मान चाचपली. कान, बोटं पाहिली. सगळं जागेवर होतं. कपडेही धड होते. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

निघताना त्यांनी फडक्यात भाकरी बांधून दिली. मी पाया पडले. मला उठवायला त्या वाकल्या, तेव्हा डोक्यावरचा पदर सरकला.

कानाच्या वरच्या कडेला एक गोल तुकडा नव्हता. रक्त नाही, खपली नाही. कालपर्यंत तो कान पुरा होता.

"दुखतं?" मी विचारलं.

त्यांनी पदर सारखा केला.

"नीघ आता," त्या म्हणाल्या. "जीप चुकेल."